पत्नीस कळवले

समुपदेशक: बसा ना.

बायको: बसते. हीच का त्याची खुर्ची? दर बुधवारची?

समुपदेशक: हो. ते इथेच बसायचे.

बायको: माझ्यासमोर त्याला अहो-जाहो नका करू, मॅडम. आठ महिने इथे बसून माझ्याबद्दल बोलला. घरी आला की तोंडात मिठाची गुळणी. मला वेडीला वाटायचं, गुण येतोय.

समुपदेशक: तो इथे काय बोलला, हे मी तुम्हाला...

बायको: ते कोर्टात वाचून झालंय. पोलिसांनी तुमची फाइल नेली ना? ‘तिला संपवणार आहे.’ आणि खाली तुमच्या अक्षरात, ‘पत्नीस कळवले.’ कुठल्या पत्नीला?

समुपदेशक: तुम्हालाच. इथलं बोलणं आम्ही बाहेर काढत नाही. पण कुणाच्या जिवावर बेतणार असेल तर सांगावंच लागतं, कायदाच आहे तसा. तो जिना उतरला आणि पाच मिनिटांत मी मेसेज केला. घर सोडा, पोलिसांकडे जा. तुमचं उत्तरही आलं.

बायको: काय म्हणाले मी?

समुपदेशक: ‘बरं. आभारी आहे.’

बायको: फोन काढा. नंबर वाचा.

समुपदेशक: शेवटी चार, शून्य, सात.

बायको: तो त्याचाच. कामावरचा दुसरा फोन.

समुपदेशक: फॉर्मवर पत्नीचा म्हणून लिहिला होता.

बायको: फॉर्म कुणी भरला?

समुपदेशक: त्यानेच.

बायको: चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. त्या बुधवारी हसत घरी आला. म्हणाला, माहेरी जायचंय का गं तुला? मी म्हटलं, आता कशाला, हातात इतकं शिवण आहे. तीन दिवस इतका गोड वागला. चौथ्या दिवशी माझीच कात्री घेतली.

समुपदेशक: मी फोन लावायला हवा होता. तुमचा आवाज ऐकायला हवा होता.

बायको: मग?

समुपदेशक: बाहेर पुढचा पेशंट बसला होता. आणि खरं सांगू? ते उत्तर वाचून मला हायसं वाटलं. माझं काम झालं, असं वाटलं.

(बायको उजवा हात टेबलावर ठेवते.)

बायको: बघा. मूठ वळत नाही. बावीस वर्षं कापड बेतलं या हाताने. आता दुकानात बटणं वेगळी करते. सोमवारी त्याच्या जामिनाचा निकाल आहे. त्याचा वकील म्हणतो, बाईंना चार दिवस आधी सांगितलं होतं, तरी घरीच राहिल्या, म्हणजे त्यांनाच भीती वाटत नव्हती. तुमच्या त्या दोन शब्दांवर तो घरी येणार आहे.

समुपदेशक: मला आधी आमच्या वकिलांना विचारावं लागेल.

बायको: विचारा. गप्प बसा म्हणतील.

समुपदेशक: म्हणाले. कालच.

बायको: तरी मला बसा म्हणालात.

समुपदेशक: माझा परवाना जाईल हो. मला दुसरं काही येत नाही.

बायको: बटणं येतील. आमची मालकीण चांगली आहे, विचारू तुमच्यासाठी?

समुपदेशक: बोला, तुमचा हक्क आहे. थांबा. कोर्टाला अर्ज देते, तुमच्यासमोरच लिहिते. ‘पत्नीचा म्हणून दिलेला नंबर पतीचाच होता. मी खात्री केली नाही. पत्नीला काहीही कळले नव्हते.’

बायको: सही?

समुपदेशक: ही केली. उद्या सकाळी मी स्वतः नेऊन देईन.

बायको: आणि तरीही सोमवारी सुटला तर?

समुपदेशक: तर लगेच तुम्हाला कळवेन. नंबर सांगा, लिहून घेते.

बायको: लिहू नका. आत्ता लावा. मी उचलते.