वाघापायी जळलेला क्लच

चंद्रपूरच्या सर्व्हिस सेंटरात रांगेत माझ्यापुढे वामनराव आणि त्यांची बायको गिरजाबाई मॅनेजरशी भांडत होते.

"नव्या गाडीची क्लचप्लेट जळली साहेब. वॉरंटीत बदलून द्या."

"नाई बसत, भाऊ. तुम्ही चढावर गाडी अर्ध्या क्लचवर धरून ठेवली."

"मंग काय करू? मोहर्लीच्या रस्त्यावर समोर वाघ बसला होता!"

"हँडब्रेक काऊन नाई ओढला?"

"मी तेच म्हणून राह्यली होती," गिरजाबाई म्हणाल्या. "पण ह्यायनं भेवानं दोन्ही हातांनी स्टेअरिंगच धरून ठेवलं होतं. मले मात्र तिथून हलावंसंच वाटेना. केवढा देखणा होता तो!"

"खरंच?" मॅनेजरनं विचारलं. "मी इथलाच, पण मले अजून एकदाही नाई दिसला."

"अन् वॉरंटी?"

"ते नाईच होत. पण बसा, चहा सांगतो. वाघाचं पहिल्यापासून सांगा."