बागेतली वलांडी

...मग बोंबील वाळत घालायचे कुठं, ते तुम्हीच सांगा ना मला! चौदाव्या मजल्यावर? आमच्या परेशनं उलव्याला फ्लॅट घेतला, पोरगा कर्तबगार हाय, माझं काय म्हणणं न्हाय, पन गॅलरीत दोरी बांधली तर वरून खालून तक्रारी, म्हणे वास येतो. आता बोंबलाला बोंबलाचाच वास येणार ना, मोगऱ्याचा कुठून आणू? आन् आमची कारभारीण सगुणा, तुम्हाला सांगतो, रेवसचं घर सोडून इथं आली ती एकाच अटीवर. म्हणाली, "आगोट झाली तर पावसाळाभर राहीन. न्हायतर मंगळवारच्या एसटीनं मी चालले, तुम्ही बसा लिफ्टमधी." आगोट म्हंजे पावसाळ्याची बेगमी, आन् सुक्या बोंबलाबिगर तिची आगोट पन्नास वर्षांत एकदा झाली न्हाय. ती गेली की मी पन गेलो. आन् आमची नात अमिषा, दीड वर्षाची, आत्ता कुठं माझं बोट धरून चालाय लागली...

म्हणून मी जागा शोधत होतो. शोधता शोधता बिल्डिंगीमागच्या बागेत शिरलो, आन् बघतो तर काय, वलांड्या! बोंबील वाळवायला आमच्याकडं बांबूच्या उभ्या-आडव्या दांड्या बांधतात ना, तशाच, पन लोखंडाच्या, वर पिवळा रंग, चारी अंगांनी ऊन, खाडीचा वारा थेट, आन् वर एकसुद्धा बोंबील न्हाय. मी आ वासून उभा. मनात म्हटलं, सरकारला कोण नावं ठेवतो रे? गरिबाच्या आगोटीची एवढी काळजी!

दुसऱ्या दिवशी फटफटलं तशी टोपली घेऊन हजर. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आन् जोडी दांडीवर टाकायची, हे काम मी डोळे मिटून करतो. दोनशे जोड्या टाकल्या, हात पुसले, बाकावर टेकलो, तेवढ्यात एक दांडगा पोरगा आला, कुलदीप नाव त्याचं, मागनं कळलं, कानात बोंडं, नजर मोबाइलात, मोबाइल खिशात टाकला, वर न बघताच उडी मारली आन् दांडी धरली... दांडी कुठली, ओला बोंबीलच तो, सटकन निसटला, पोरगा गवतावर फतकल मारून बसला आन् मुठीतल्या बोंबलाकडं बघत राहिला. बोंबील आ वासून, पोरगा आ वासून, आन् मी पन आ वासून.

"काका, हे काय आहे?"

"बोंबील."

"ते दिसतंय. पण इथं?"

मी म्हटलं, वलांडी रिकामी होती. तर तो सांगतो काय, ही माणसांची हाय, माणसं लटकतात इथं! रोज! सकाळी उठून, आपल्या पायानं येऊन! अहो, मी पटकन त्याचं मनगट धरलं. धडधाकट पोरगा, घरी कोणीतरी असंलच ना... मी हळूच विचारलं, "लटकून काय होतं रे बाबा?"

म्हणाला, छाती भरते, दंड फुगतात.

"जपून हां," मी म्हटलं. "आमचा बोंबील तीनच दिवस लटकतो, त्याची काडी होते."

तवर लटकायला आणखी पोरं जमली, आन् कावळे आले. कावळ्यांमागनं मांजरं, मांजरांमागनं वॉचमन, आन् वॉचमनमागनं बागेच्या कमिटीच्या म्याडम, नाकाला ओढणी लावून. वॉचमन मला पाटी दाखवतो. मी म्हटलं, बाबा, मी मिठागरात वाढलो, शाळेची पायरी चढलो न्हाय, तूच वाच. त्यानं वाचली. कुत्री आणू नका, फुलं तोडू नका, गवतावर चालू नका. मी विचारलं, बोंबील कुठं हाय ह्यात? त्यानं परत वाचली, बोट फिरवून, मनातल्या मनात. न्हायच की! पन म्याडम म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता उतरवा. आता ओला बोंबील टोपलीत भरला की कुजला, आन् बोंबील कुजला की मंगळवारची एसटी. परेश अर्ध्या चड्डीत पळत आला, तो माझ्याकडं बघंना, बोंबलांकडं बघंना, नुसता म्याडमना सॉरी सॉरी करत सुटला. मागनं सगुणा. हातात काठी. शांतपणे वलांडीखाली मांडी घालून बसली.

"उतरवते की," म्हणाली. "तीन दिवसांनी. वाळले की."

मग तो कुलदीप हाताचा वास घेत पुढं आला. मला वाटलं, झालं, आता हा भांडणार.

"आजी," तो म्हणाला, "माझी आई रेवदंड्याची होती. ती गेल्यापासून हा वास घरात आलाच नाही. वाळले की मला दोन जोड्या द्याल?"

मी आ वासून उभा. ती लटकणारी पोरं सगळी आमच्या बाजूची झाली हो! तीन दिवस झाडाला लटकू म्हणाली, कावळे हाकलायला पाळ्या लावल्या, म्याडम एकट्या पडल्या, आन् बोंबील असे खडखडीत वाळले म्हणता...

चौथ्या दिवशी म्याडमनी नवी पाटी लावली. मला वाचता येत न्हाय म्हणून चित्राची. एक मासा, आन् त्यावर लाल फुली. मी सगुणाला नेऊन दाखवली, म्हटलं, संपलं हो आता. तिनं पाटी चांगली न्याहाळली.

"हे पापलेट हाय," ती म्हणाली. "पापलेट कोण सुकवतो?"

आन् तिची नजर गेली पलीकडं, पोरं चाकांचे बूट घालून फिरतात त्या गोल, गुळगुळीत फरशीवर. तिथंच थांबली. जवळा, म्हंजे ती बारकी कोळंबी, काय दांडीवर टाकत न्हायत, तो भुईवर पसरायचा असतो... तर सगुणा राहतेय, पावसाळाभर, एसटीचं नाव न्हाय. आन् मी उद्या पहाटे जवळ्याची टोपली घेऊन त्या फरशीवर जातोय.