मामांची मंगलाष्टकं फोनवरून

अरे, माझ्या लग्नात काय झालं ऐक! आमचे मामा निवृत्त सुभेदार, मंगलाष्टकं तेच म्हणणार होते. नेमका त्यांना फ्लू झाला! ताप उतरला, तरी डॉक्टर म्हणाले, "विषाणू अजून काही दिवस बाहेर पडणार, गर्दीत जाऊ नका."

मग मामा लोणंदला खोलीत आणि साताऱ्याच्या मांडवात माईकला फोन लावलेला! मामा रंगात आले, तेवढ्यात तिकडं मामी काढा घेऊन खोलीत शिरली. मामा कडाडले, "मागं सर! माझ्यातनं अजून जंतू भाईर पडत्यात!"

अर्धा मांडव माजी सैनिकांचा. सगळे झटक्यात मागं सरले, अंतरपाट धरणारेसुद्धा. आणि मीही!

समोर एकटी नवरी उभी. माईककडं वळून म्हणाली, "आवं मामा, मीबी मागं सरू व्हय?"