सीटखालची पिशवी

...आणि वर तो दुकानदार मला विचारतो, "साहेब, किती लिटरची दाखवू?" आता तुम्हीच सांगा, पिशवी लिटरमध्ये मोजतात? मी काय तिच्यातून दूध आणणार होतो? अहो, सायकलच्या सीटखाली लटकवायची वीतभर पिशवी घ्यायची होती, विमान नाही!

तुम्हाला सांगतो, या सगळ्याच्या मुळाशी माझा मेव्हणा. दोन महिन्यांपूर्वी गावाबाहेर माझी सायकल पंक्चर झाली, मी बायकोला फोन केला, बायकोने भावाला केला, आणि हा गाडी घेऊन मला न्यायला आला. झालं! तेव्हापासून मी नुसता हात धुवायला उठलो तरी, "भाऊजी, बेसिनपर्यंत जाल ना, की गाडी काढू?" आणि सगळं घर हसतंय, माझी सख्खी मुलगीसुद्धा! तेव्हाच ठरवलं, चालत येईन, रांगत येईन, पण याला पुन्हा बोलावणार नाही. जादा ट्यूब, पान्हे, छोटा पंप, सगळं जवळ बाळगणार. म्हणजे पिशवी आली.

तीन रविवार गेले हो त्यात! छोटी घेतली तर पंप मावेना. मोठी लावली तर मागच्या चाकाला घासायला लागली. मधली लावून बसलो तर मांडीला घासते. दुकानदार म्हणतो, "साहेब, पिशवीत दोष नाही," आणि बघतो कुठे, तर माझ्या मांडीकडे! घरून सल्ले वेगळेच. मुलगी म्हणते, बाबा, चमकणारी घ्या, निदान मागच्यांना तुम्ही दिसाल. बायको म्हणते, "अहो, मोठीच घ्या, येताना भाजी मावेल." विमान नाही हो, पिशवी घ्यायची होती!

शेवटी मिळाली. काळी, दोन पट्ट्यांची, आत तीन कप्पे. आठवडाभर ती मी भरत होतो आणि रिकामी करत होतो. डोळे मिटून पान्हा काढायचा सराव केला. सात सेकंद! बायकोने घड्याळ लावलं होतं.

आणि परवाच्या रविवारी, त्याच रस्त्यावर... फुस्स. खरं सांगू? मला आनंद झाला! सायकल उलटी केली, रुमाल अंथरला, सगळं सामान ओळीने मांडलं. एका हातात ट्यूब घेतली, दुसऱ्या हातात पान्हा घेतला... आणि पुढे? अहो, पुढे काय करतात? पिशवी निवडण्यात तीन रविवार घालवले, पण ट्यूब बदलायची कशी, हे कुणी विचारलं? मी तर नाहीच विचारलं! तासभर त्या चाकाकडे बघत बसलो. चाकही माझ्याकडे बघत होतं. मग केला फोन. थेट त्यालाच केला, मधे बायको नको.

आला. उतरला. रुमालावरचं सामान बघितलं, मला बघितलं. मी म्हटलं, बोल बाबा, काय बोलायचंय ते बोल. तर हा रुमालाशी उकिडवा बसला! पिशवी उचलली, चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली, कप्पे मोजले. आणि हळूच मला म्हणतो, "भाऊजी, मस्त आहे हो. मलाही अशीच एक घेऊन द्या ना."

"अरे, पण तुझ्याकडे सायकल कुठंय?"

"ती बघू नंतर."

आता येत्या रविवारी दोघं निघालोय दुकानात. ट्यूब बदलायला शिकायला? छे हो... पिशवी घ्यायला!