सूनबाईंच्या बुटाचा नंबर

होड्यांच्या सामानाच्या दुकानात गर्दी होती, पण सासूबाईंचा आवाज सगळ्यांवर चढला होता. त्या विक्रेत्याला सांगत होत्या,

“बघा हो दादा, दोन मुलांची आई झाली, तरी ही आमची सून बुटाचा नंबर सांगताना खोटं बोलते!”

“आई, हळू ना. लोक ऐकताहेत.”

“ऐकू देत. परवा त्या बर्फासारख्या पाण्यात ती कयाक, म्हणजे वल्ह्याची चिंचोळी होडी, घेऊन गेली आणि पाय असे बधिर झाले की दोघांनी उचलून काठावर आणली. का? तर बूट घट्ट!”

“घट्टच बरे. पाणी आत शिरत नाही.”

“दादा, तुम्हीच सांगा हिला.”

“पायाला लागून असावेत ताई, पण आवळायला नकोत. रक्त फिरलं नाही तर पाय जास्तच गारठतो.”

“ऐकलंस? जाड मोजे चढव आणि त्यावर तुझ्या त्या नंबरचे बूट घाल. आणि उभी काय राहतेस? होडीत उभी राहणार आहेस का? खाली बस, पाय लांब कर. हं, हलव बोटं.”

“हलताहेत की.”

“बुटावरून हात ठेवलाय मी. एक बोट हललेलं नाही.”

“मला मोठा नंबर नकोच. लग्नात पाहुण्यांसमोर तुम्हीच म्हणाला होतात, केवढे हे पाय!”

सासूबाईंनी चष्मा सारखा केला.

“म्हटलं होतं. मोठेच आहेत ते. पण आता आमच्या घरचे पाय आहेत, मला दहाही बोटांसकट परत हवेत. दादा, मोठा नंबर काढा. आणि तू गं, माझं सगळंच बोलणं मनावर घ्यायचं नसतं, कळलं?”