बिनआवाजाचा खोकला

कौशल्याबाई : नाटक नाई तं काय व, जुईली? दवाखान्यात थुंकी तपासली, रिपोटात काही निघालं नाई, तरी हे चंदा दिवाळीपासून खोकूनच राहिली. तेबी पदर तोंडात कोंबून, कुई-कुई! कापूस वेचाले चाल म्हटलं का बसलीच. माह्या किशोरच्या नशिबी अशी मरतुकडी बायको!

जुईली : आजी, मामी वाळून काटकी झाली आहे. म्हणून तर मी अकोल्याहून ही डबी घेऊन आले.

चंदा : हे घे, जुई. थुंकली मी.

जुईली : मामी, ही नुसती लाळ आहे. मला छातीतला बेडका पाहिजे. खोल श्वास घे आणि जोरात खाकर.

चंदा : जोऱ्यात? इथं आंगनात? मामाजी ओट्यावर चहा पिऊन राहिले ना!

कौशल्याबाई : पाह्य! सासऱ्याची लाज हाये तिले. तेवढा एक गुन माह्यापासून शिकली.

जुईली : मामी, दवाखान्यातही लाळच दिली होतीस ना?

चंदा : तिथं लायनीत इतके मानसं होते. बेडका आला होता, गिळून टाकला.

जुईली : ऐकलंस, आजी? लाळ तपासून टीबी कसा सापडेल? बायकांच्या टीबीवरच्या माझ्या इंग्रजी लेखात हेच तर लिहिलंय.

कौशल्याबाई : तुह्या लेखाची गोठ मले सांगू नको. छापून आला तवा कुंकू लावून साऱ्या वलगावात फिरवला मी. शेजारच्या नत्थुजीच्या घरी तं दोनदा नेला.

जुईली : त्यात तूही आहेस.

कौशल्याबाई : मी? इंग्रजीत?

जुईली : ऐक. 'एक सासूबाई अभिमानाने म्हणाल्या, मी या घरात सून म्हणून आले, पण सासरे गेले तोवर त्यांना माझा खोकला ठाऊक नव्हता.'

कौशल्याबाई : अवं माय! हे तं माह्याच तोंडचं! अहो, ओट्यावरचे, ऐकून राहिले का? इंग्रजीत गेलो मी! नाव टाकलं ना व पोट्टे?

जुईली : नाव टाकत नसतात, आजी.

कौशल्याबाई : काहून? चोरी केली का मी? बरं, चांगल्या पानावर तरी बसवलं ना मले?

जुईली : 'अडथळे' नावाचा भाग आहे. त्यात.

कौशल्याबाई : अडथळे म्हंजे?

जुईली : बायकांचा टीबी वेळेवर का सापडत नाही, त्याची कारणं.

कौशल्याबाई : म्हंजे मी त्या बिमारीच्या बाजूनं?

जुईली : तसं नाही गं...

कौशल्याबाई : कुंकू लावलं व मी त्याले! चंदे, इकडं पाह्य. इतके दिवस गिळूनच राहिली का तू?

चंदा : मंग कुठं थुंकू, आई? बाईचा आवाज ओट्यापर्यंत जाऊ नये, तुमीच म्हनता. परवा जराकसं रगत आलं. तेबी गिळलं.

कौशल्याबाई : रगत? अन् सांगतलं नाई? अहो! तो कप ठेवा अन् वावरात जा! काहून म्हंजे? बायकाइचं काम हाये इथं. जा म्हटलं ना! हां. चंदे, गेले थे. खाकर आता.

चंदा : नाई होत, आई.

कौशल्याबाई : आता कोनाची लाज?

चंदा : तुमी हाये ना समोर.

कौशल्याबाई : मी! त्या अडथळ्याच्या पानावरून उठतो म्हटलं तरी उठू देत नाई मले. जुईली, सरक तिकडं. असंच खाकरतेत ना? खाऽऽक् थू! घे. जलमात पयल्यांदा. नत्थुजीची म्हैस बुजली पाह्य.

(चंदा हसते. हसता हसता तिचा खोकला उसळतो.)

जुईली : अडवू नको, मामी! पदर सोड! डबीत, डबीत! आजी, तू लांब राहा. हां... हाच पाहिजे होता. लाव झाकण. आत्ताच अमरावतीला तपासायला नेते. टीबी निघाला तरी घाबरू नको. औषध पुरतं घेतलंस की बरी होशील.

चंदा : आई, साऱ्या गल्लीनं ऐकलं असन व.

कौशल्याबाई : ऐकू दे. या घरात आजवर माह्या एकटीचाच आवाज होता, चंदे. आता तुहाबी चालन.