एका झटक्यात चालू

मेहुणा : पुन्हा मशीन बंद केलीत?

दाजी : बंद केली नाही. बंद पडली.

मेहुणा : दाजी, मला खालून नुसता आवाज कळतो. आवाज होता, मग नव्हता. रेस कोणी सोडली ते वर बसलेल्यालाच माहीत.

दाजी : फांदी अर्धी कापून झाली आहे. तू दोर ढिला करू नकोस.

मेहुणा : दोर खोडाला बांधलाय, वेढे देऊन. महिना झाला, मी हातात धरत नाही. विसरलात?

दाजी : विसरलो नाही. मघाशी कापायच्या आधी मी वरून 'आहे?' म्हणून विचारलं, तेव्हा तू उत्तर दिलं नाहीस, तेही विसरलो नाही.

मेहुणा : दोर हलवला की दोनदा. तेवढ्यावर समजतं.

दाजी : समजतं. पण तुझ्या वडिलांनी मला हे काम शिकवलं तेव्हा पहिली गोष्ट ती सांगितली होती. वरच्याने 'आहे?' विचारायचं आणि खालच्याने 'आहे' म्हटल्याशिवाय लाकडाला हात लावायचा नाही.

मेहुणा : बाबांच्या वेळी हातकरवत होती. ती मध्येच बंद पडायची नाही.

दाजी : स्टार्टर ओढून बघतोय. लागत नाही.

मेहुणा : खाली सोडा. मी बघतो. हळू, सायलेन्सर माझ्याकडे नको. हं, आली. तुम्ही पण उतरा, तिथे अर्ध्या फांदीशेजारी बसून काय करणार?

दाजी : उतरतोच आहे. लागली?

मेहुणा : नाही. पुन्हा ओढतो. नाही. चोक ओढून ठेवला होता का?

दाजी : नाही.

मेहुणा : दुकानदार म्हणतो, तुम्ही चोक ओढून ठेवता, मग पेट्रोल जास्त होतं आणि प्लग भिजतो. म्हणतो, तुमच्या दाजींचा हात जुना आहे, मशीन नवीन आहे. गेल्या खेपेला माझ्यासमोर त्याने एका झटक्यात चालू करून दाखवली. माझा हात गळ्यात बांधलेला, आणि ही काउंटरवर मांजरीसारखी गुरगुरत होती. मला काय वाटलं असेल?

दाजी : तू काही बोलला नाहीस तेव्हा.

मेहुणा : ताई शेजारी उभी होती. तिच्यासमोर काय बोलू? अपघाताच्या दिवशी फांदी अर्ध्यात राहिली, वाऱ्याने आपली आपण तुटली आणि दोराने माझा खांदा जागचा काढला. मशीन थांबली तेव्हा तुमच्या खिशात फोन वाजत होता. एवढंच मला माहीत आहे.

दाजी : वाजत होता. मी उचलला नाही. तुझ्या ताईचाच होता, तिला विचार.

मेहुणा : विचारलं. उचलला नाही ते खरं आहे. पण हात खिशाकडे गेला होता की नाही, हे ताईला तिकडून कुठे दिसणार?

दाजी : हात गेला नव्हता.

मेहुणा : बरं.

दाजी : बरं म्हणजे काय?

मेहुणा : बरं म्हणजे सोमवारपासून मी गोदामात कामाला जातोय. ताईला सकाळी सांगितलं. तुम्हाला हे झाड उतरल्यावर सांगणार होतो.

दाजी : काय म्हणाली?

मेहुणा : म्हणाली, सख्खा मेहुणा सोडून गेला म्हटल्यावर यांच्या झाडाखाली दुसरं कोण उभं राहणार? म्हणाली, तू गेलास म्हणजे चूक यांचीच, असं तू चौकात उभं राहून सांगितल्यासारखं आहे. मग भांडी घासायला लागली. ताई रडली तर परवडतं, ती घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली की मला भीती वाटते.

दाजी : तुझंही तेच मत आहे? चूक माझी?

मेहुणा : माझा खांदा मत विचारून निखळला नाही, दाजी. ते राहू द्या. मघाशी डॉक्टरीणबाई खिडकीत आल्या होत्या. फांदी बरोबर दवाखान्याच्या दारावर लोंबकळतेय आणि दुपारी दात काढायला माणसं येणार. मी सांगितलं, सगळ्यांना मागच्या दाराने घ्या.

दाजी : चांगलं केलंस. आता मशीन गार होऊ दे. मग टाकी रिकामी करतो, पुसतो, आणि दुकानात नेऊ.

मेहुणा : दरवेळी हेच. आधी गार करायची, मग ब्रशने भुसा काढायचा, मग फडक्यात गुंडाळायची. मुलगी बघायला येणार असल्यासारखी नटवून नेता तुम्ही तिला. दुकान दोन गल्ल्यांवर आहे. आहे तशी उचलू आणि त्याच्यापुढे आदळू.

दाजी : तिथे पाटी आहे. मशीन गार, स्वच्छ आणि टाकी रिकामी असल्याशिवाय स्वीकारली जाणार नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला दारातून परत पाठवलं होतं.

मेहुणा : तुम्ही पाटी वाचत उभे राहा. मशीन मी उचलतो.

(दोन गल्ल्या पलीकडे, मशीन विक्री आणि दुरुस्तीचं दुकान.)

दुकानदार : या सर. अरे, अरे, काउंटरवर नको. खाली काच आहे. हिच्यातून वास येतोय. पाटी वाचली नाही का?

मेहुणा : यांनी वाचली. आणली मी.

दुकानदार : अच्छा, तुम्ही होय. खांदा कसा आहे?

मेहुणा : एकाच कुशीवर झोपतो.

दुकानदार : चला, झोप लागते हे महत्त्वाचं. सर, कसं आहे, ही बाहेर पायरीवर ठेवा. गार झाली की साफ करून आणा. किंवा ठेवून जा. मेकॅनिक जेवायला गेलाय, संध्याकाळपर्यंत बघून ठेवेल.

मेहुणा : मेकॅनिक नको. तुम्हीच ओढा. गेल्या वेळी ओढली होती तशी.

दुकानदार : न ओढता सांगतो, प्लग भिजला असणार. दाजी, राग मानू नका, पण कंपनीच म्हणते, निम्म्या तक्रारी मशीनच्या नसतात, हाताच्या असतात.

दाजी : आणि उरलेल्या निम्म्या?

दुकानदार : त्या दुसऱ्या डीलरकडे जातात.

मेहुणा : ओढा.

दुकानदार : शर्ट धुतलेला आहे माझा. बरं, एवढं म्हणताय तर. नीट बघा हं, म्हणजे पुढच्या वेळी फेरी वाचेल. स्विच चालू. चोक आत. पाय इथे, डावा हात इथे. आणि एका झटक्यात. हं. एक मिनिट. पुन्हा. आज जरा जड चाललीय.

मेहुणा : चोक ओढून ठेवलात का?

दुकानदार : नाही हो, तुमच्या डोळ्यांसमोर आत केला.

मेहुणा : मग हात जुना असेल.

दुकानदार : टाकीत काय भरलंय?

दाजी : गेल्या वेळी तुम्ही वास घेऊन चांगलं म्हणाला होतात, तेच. त्याच पंपावरचं.

दुकानदार : ठेवून जा, सर. संध्याकाळी या. चालू करून देतो, माझा शब्द.

मेहुणा : संध्याकाळी ती आपली आपणच चालू होईल. मग तुम्ही मला एक झटका दाखवाल आणि मी यांच्याकडे बघेन. झालं ते एकदा.

दाजी : काय म्हणालास?

मेहुणा : काय म्हणालो?

दाजी : आपली आपण चालू होईल म्हणालास.

मेहुणा : मग काय? झाडावर बंद पडते. तुम्ही उतरता, सावलीत ठेवता, पुसता, एरवी टेम्पोत घालून शहराच्या त्या टोकापासून इथे आणता. तोवर ती... दाजी, तोवर ती गार झालेली असते. दरवेळी. या दुकानाने हिला आजपर्यंत गरम कधी पाहिलेलीच नाही.

दुकानदार : गरम मशीन आम्ही घेतच नाही.

मेहुणा : मी दुसरं काय म्हणतोय?

दाजी : प्लग काढा.

दुकानदार : मेकॅनिक आला की...

दाजी : पाना तुमच्या मागे खिळ्याला आहे. प्लग भिजलेला निघाला तर चूक माझी. मी याच्यासमोर कबूल करतो आणि पुन्हा तुमच्या दारात येत नाही.

दुकानदार : चटका बसतोय हो. ते फडकं द्या इकडे. हं. निघाला.

मेहुणा : काय आहे?

दुकानदार : कोरडा.

मेहुणा : जरा मोठ्याने.

दुकानदार : कोरडा आहे, सर. थांबा, मशीनला टेकवून बघू. तुम्ही ओढा आता. ओढलंत ना? ठिणगी नाही. पुन्हा ओढा. नाहीच. कॉइल आहे मग. तापली की करंट देत नाही, गार झाली की देते. कॉमन आहे हे.

दाजी : कॉमन आहे?

दुकानदार : होतं काही काही पीसमध्ये. तुम्ही सांगायला हवं होतं, गरम झाल्यावर बंद पडते म्हणून.

दाजी : मी दरवेळी सांगितलं, झाडावर बंद पडते.

दुकानदार : झाडावर आणि गरम, यात फरक आहे.

मेहुणा : झाडावर हिला गार घेऊन कोण बसतं? वारा खायला?

दुकानदार : आवाज नको. ती पाटी मी लावलेली नाही, कंपनीकडून आलीय. मला काय हौस आहे?

दाजी : कॉइल बदलून द्या.

दुकानदार : स्टॉकमध्ये नाही. मागवतो. कधी येईल ते मला विचारू नका, ते मलाही सांगत नाहीत.

मेहुणा : ती भिंतीवर टांगलेली नवी आहे, तिच्यातली काढा. किंवा तीच द्या आजच्यापुरती. फांदी अर्धी तुटून दवाखान्याच्या दारावर लटकलीय.

दुकानदार : ती डिस्प्लेची आहे. खाली काढता येत नाही.

मेहुणा : गार, स्वच्छ आणि टाकी रिकामी. तुमच्या मनासारखी मशीन ती एकच.

दाजी : जाऊ दे. मालक, एक करा. मघाशी म्हणालात ते एकदा नीट म्हणा.

दुकानदार : काय नीट म्हणू?

दाजी : बिघाड कशात आहे ते.

दुकानदार : मशीनमध्ये. पण मी लिहून वगैरे काही देणार नाही, आधीच सांगतो.

दाजी : लिहून नको. याने ऐकलं.

* * *

मेहुणा : बघा, डॉक्टरीणबाईंनी दाराला खुर्च्या आडव्या लावल्यात. आपल्यापेक्षा जास्त अक्कल आहे.

दाजी : टेम्पोतून हातकरवत काढ. सीटच्या मागे आहे, पोत्यात.

मेहुणा : बाबांची? हिला दात उरलेत का? नाहीतर बाईंना दाखवू, आलोच आहोत तर.

दाजी : सगळे आहेत. मी धार लावत असतो.

मेहुणा : मशीन पुसता, करवतीला धार लावता. ताई म्हणते, घरातल्या नळाकडे असं बघितलं असतं तर तो गळायचा थांबला असता.

दाजी : लाजेने थांबला असता. दे इकडे.

मेहुणा : दाजी, तो म्हणत होता तेव्हा तुम्ही भांडला का नाहीत? एवढे महिने नुसतं ऐकून घेतलंत. हात जुना, हात जुना.

दाजी : मलाही वाटायला लागलं होतं.

मेहुणा : काय वाटायला लागलं होतं?

दाजी : की माझा हात खिशाकडे गेला असेल. अंथरुणावर पडलं की मी तो हात आठवून बघायचो. कधी मशीनवर दिसायचा, कधी खिशावर. शेवटी शेवटी खिशावरच जास्त दिसायला लागला.

मेहुणा : मला सांगायचं.

दाजी : तू बरं म्हणाला असतास.

मेहुणा : हं. म्हणालो असतो.

दाजी : गोदाम लांब आहे का रे?

मेहुणा : आधी फांदी खाली आणू. चढा तुम्ही.

दाजी : चढतो. हातकरवतीने वेळ लागेल. फोन तुझ्याकडे ठेव.

मेहुणा : राहू द्या खिशात. ताईचा आला तर वाजू दे.

दाजी : खोडाचे वेढे तपासलेस?

मेहुणा : काढले. एकच ठेवलाय. बाकी दोर माझ्याकडे आहे.

दाजी : कशाला? बांधलेला बरा होता.

मेहुणा : हातात असला की वजन कळतं. खोडाला काय कळणार?

दाजी : आणि खांदा?

मेहुणा : दुसऱ्या बाजूने धरलाय. तुम्ही तुमचं बघा. बाबा असते तर एवढ्यात शिव्या घालून मोकळे झाले असते.

दाजी : बसलो नीट. जुन्याच कापात घालतोय.

मेहुणा : घाला.

दाजी : आहे?

मेहुणा : आहे.